बंद कारखान्याची पाहणी

बँकेत त्यांना पाणीवाले म्हणत. तोंडावर साहेब, पाठ वळली की पाणीवाले. नाव कोणी वाकडेपणाने ठेवलेलं नव्हतं आणि त्यांनाही ते ठाऊक होतं. कर्ज मागायला आलेल्या माणसाचे कागद ते शाखेत बसून बघत, पेन्सिलीने समासात बारीक खुणा करत, आणि मग एक दिवस न सांगता त्या माणसाच्या कारखान्यात जाऊन बसत. मशीन आणि माल नंतर. आधी म्हणत, "जरा पाणी मिळेल का?"

पाणी मागायचं आणि गप्प बसायचं. मालक कोणाला हाक मारतो, कशी मारतो, ज्याला हाक मारली तो किती वेळात येतो, पेला विसळलेला आहे की नुसताच भरलेला, हे सगळं बघायचं. ही रीत त्यांना त्यांच्या पहिल्या साहेबांनी शिकवली होती. ते साहेब म्हणायचे, "कागद कोणीही रंगवतो रे. पण जिथे पाणी वेळेवर येतं ना, तिथे हप्ताही वेळेवर येतो." साहेब कधीच गेले, त्यांची रीत मागे राहिली.

आणि रीत चालली, हे नाकारून चालणार नाही. त्यांनी दिलेली कर्जं सहसा बुडाली नाहीत. ते एका गोदामाच्या पहारेकऱ्याचा मुलगा. कारकून म्हणून लागले, परीक्षा देत देत कर्ज विभागात आले. बोलायला भिडस्त, चारचौघांत मागे बसणारे. शिफारस करताना आपलं मत म्हणून काही ठासून सांगण्याची त्यांची छाती होत नसे. पाण्याची रीत हाती होती म्हणून बरं होतं. मत पाण्याचं असे, सही त्यांची. घरी बायको थट्टा करायची, "तुम्ही पाणी मागितलंत की मला परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. पास झाले का?" ते हसायचे आणि पेला रिकामा करून खाली ठेवायचे.

मग ते वर्ष आलं. कुठेतरी लांब एक मोठी बँक बुडाली. आधी ती बातमी पेपरात आतल्या पानावर होती, मग पहिल्या पानावर आली, आणि बघता बघता शाखेच्या दारात येऊन उभी राहिली. सकाळी शटर वर जायच्या आधी म्हातारी माणसं पासबुक छातीशी धरून रांगेत असत. कारखान्यांच्या ऑर्डरी निम्म्यावर आल्या. मग एकाने दुसऱ्याचे पैसे थकवले, दुसऱ्याने तिसऱ्याचे, आणि सुक्याबरोबर ओलंही जळायला लागलं.

एक दिवस मॅनेजरने त्यांना आत बोलावलं. मॅनेजर त्यांच्यापेक्षा वयाने बराच लहान. एकांतात काका म्हणायचा.

"काका, वरून आकडा आलाय. याच्यापुढे शाखेने एक दमडी द्यायची नाही. नवं कर्ज तर सोडाच, जुन्यांचं नूतनीकरणसुद्धा या आकड्यात बसेल तेवढंच."

"आणि बाकीच्यांचं काय करायचं?"

"ते उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना विचारा. आपण फक्त शेळ्या निवडायच्या."

निवडता निवडता शेवटी दोन फायली राहिल्या आणि जागा एकाचीच होती. एक बाटल्यांची झाकणं बनवणारा. दुसऱ्या, पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या बाई, ज्यांना सगळे ताई म्हणत. दोघांचे आकडे जवळपास सारखे. दोघांची गिऱ्हाइकं आटलेली, दोघांचंही व्याज एकदाही चुकलेलं नव्हतं. पेन्सिलीच्या खुणांनी काही ठरेना. तेव्हा ते पाणी मागायला निघाले.

झाकणवाल्याकडे मालकाने नुसती मान हलवली आणि ट्रे आला. स्वच्छ पेला, वर झाकण, खाली बशी. आणणारा माणूस ठेवून दोन पावलं मागे सरकला. मशीनं चालू होती आणि जमीन कोरडी होती.

खोक्यांच्या कारखान्यात मात्र पाण्याने भरलेले पत्र्याचे डबे दारातच ओळीने मांडलेले. जमीन ओली, खळीचा आंबूस वास. फोरमन शिलाईच्या मशीनवर होता. तारेचे टाके खट्ट खट्ट पडत होते. त्याने मान वर केली, परत खाली घातली. ताईंनी त्यांना खुर्ची दिली. त्यांनी पाणी मागितलं तशा ताई क्षणभर उभ्या राहिल्या, "आणते हं," म्हणाल्या आणि स्वतःच बाहेर गेल्या. त्यांनी कोणालाही हाक मारली नाही. पाहणीला आलेला माणूस बसलाय आणि मालकीण गायब. बराच वेळ गेला. मग ताई धापा टाकत आल्या. पेल्याच्या काठाला पांढरं काहीतरी लागलेलं होतं. साहेबांनी एक घोट घेतला आणि पेला तसाच ठेवला.

शाखेत परत येऊन त्यांनी खोक्यांच्या फायलीवर लिहिलं: कारखान्यात शिस्त दिसत नाही. खाली सही केली. जागा झाकणवाल्याला मिळाली.

पुढचं सगळं आपल्या ओघाने झालं. बँकेने हात आखडता घेतल्यावर ताईंना पुठ्ठा आणायला पैसे उरले नाहीत. जी थोडी ऑर्डर होती तीही वेळेवर जाईना. ज्यांची ऑर्डर गेली नाही त्यांनी तोंड फिरवलं. पहिल्यांदाच व्याज चुकलं, मग चुकतच गेलं, आणि काही महिन्यांत बँकेने तारण असलेली मशीनं ताब्यात घेऊन दाराला सील लावलं.

मॅनेजर त्यांच्या टेबलापाशी येऊन म्हणाला, "मानलं काका तुम्हाला. तुमचा अंदाज बरोबर निघाला. बंदच पडला बघा."

पण घरी जाताना रस्त्यात त्यांना एकदम वाटलं की आपण एखाद्याला शिडीवरून उतरवायचं म्हणून शिडीच काढून घेतली, आणि लोक म्हणताहेत, बघा, पडणार म्हणालात आणि पडलाच. त्यांनी तो विचार झटकला. झाकणवाला तर सांभाळून होता. रस्त्यात भेटला की दोन्ही हातांनी त्यांचा हात धरायचा, "साहेब, तुमच्यामुळे चूल पेटतेय." यालाही नाही म्हणता येत नव्हतं.

जप्त केलेल्या मालाची दर महिन्याला पाहणी करावी लागते. सील तोडायचं, आत जायचं, यादीप्रमाणे मशीनं आहेत ना बघायचं, नवं सील लावायचं, सही करायची. मशीनं विकायला काढली होती, पण त्या मंदीत घेणार कोण? पाहणीचं काम मॅनेजरने त्यांच्याकडेच दिलं. "तुमचीच केस आहे," म्हणाला.

पहिल्या वेळी गेले तेव्हा किल्ली हातात असूनही त्यांनी आधी दार वाजवलं. का वाजवलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

आत दुपारचं ऊन वरच्या पत्र्याच्या फटींतून जमिनीवर पडलं होतं. खुंट्यांवर अ‍ॅप्रन तसेच टांगलेले. एकाच्या खिशातून कंगवा डोकावत होता. शिलाईच्या मशीनच्या जबड्यात एक खोकं अर्धवट शिवलेलं अडकून राहिलं होतं. चार टाके पडलेले, पाचवा पडायचा. पिंपात खळ वाळून तिला भेगा गेल्या होत्या. त्यांनी यादी काढली, एकेका मशीनपुढे उभे राहून खूण करत गेले. पाच मशीनं. मग मागे कुठेतरी खट्ट झालं.

पत्रा. ऊन सरकलं की पत्रा आकसतो आणि वाजतो, एवढं त्यांना कळत होतं. तरी ते वळले आणि हळूच म्हणाले, "कोण आहे?" आपलाच आवाज ऐकून ते ओशाळले. सील लावताना लाखेचे दोन थेंब बोटावर पडले, तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या महिन्यात ते गेले तेव्हाही खट्ट झालं. तिसऱ्या महिन्यात ते महिना संपायच्या आधीच गेले. नियमात तसं काही नव्हतं. बायकोने एकदा शर्ट धुवायला टाकताना हुंगला आणि विचारलं, "तुम्ही कुठे जाता हो? कसलातरी आंबूस वास येतो कपड्यांना."

"पाहणीला."

"बंद कारखान्यात काय बघायचं असतं एवढं?"

"आहे ना तेवढं आहे का, ते."

तिने शर्ट बादलीत बुडवला.

असंच एकदा खुणा करून झाल्यावर हात धुळीने माखले म्हणून ते कोपऱ्यातल्या मोरीकडे गेले. नळ सोडला. पाणी आलं नाही. बंद कारखाना, म्हणून तोडलं असेल, असं म्हणत ते वाकले, तर नळाच्या खालचा पाइप कापून त्यात लाकडी खुंटी ठोकलेली दिसली. खुंटी जुनी होती. तिच्यावर वाळलेल्या खळीचे ओघळ होते. म्हणजे ही खुंटी ठोकली तेव्हा इथे खळ शिजत होती.

कारखान्यासमोर रस्त्यापलीकडे चहाची गाडी होती. ती त्या फोरमनचीच. कारखाना बंद झाल्यावर त्याने गाडी घेतली आणि इथेच, बंद दाराच्या समोर उभी केली. धंद्याला याहून चांगल्या जागा होत्या, पण त्याचे पाय दुसरीकडे वळत नव्हते. इतके महिने साहेबांनी त्या गाडीकडे बघायचं टाळलं होतं. आज ते रस्ता ओलांडून गेले.

फोरमनने न विचारता चहा गाळला. "सील नीट लावलंत ना साहेब? नाहीतर उंदीर आत शिरून कर्ज बुडवायचे."

"आतल्या नळाला पाणी नाही."

"नसणारच. तोडलंय."

"सील लावल्यावर?"

"छे हो. तुम्ही पहिल्यांदा येऊन बसला होतात ना, त्याच्याही आधी. बिल थकलं होतं. ताई म्हणाल्या, पाण्याचं थांबेल, पगाराचं थांबवायचं नाही आणि बँकेचं व्याज तर नाहीच नाही. बँकेत नाव खराब झालं की संपलं." त्याने कप पुढे केला. "मग आम्ही त्या वळणावरच्या गॅरेजमधून डबे भरून आणायचो. खळ काय कोरडी शिजते?"

"मग त्या दिवशी, मी पाणी मागितलं तेव्हा..."

"ते डबे खळीचे. त्यातलं तुम्हाला कसं द्यायचं? ताई स्वतः गॅरेजवर गेल्या. मला पाठवलं असतं तर मशीन थांबलं असतं. बँकेचा साहेब समोर बसलेला असताना मशीन थांबलेलं बरं दिसत नाही, असा त्यांचा हिशेब." फोरमन हसला. "पेल्याला खळ लागलेली म्हणे. नंतर मला केवढ्या बोलल्या. म्हणाल्या, एक पेला धड विसळता आला नाही तुला."

साहेबांनी कप तोंडाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. "हे मला कोणी सांगितलं कसं नाही?"

"काय बोलता साहेब. कर्ज मागणाऱ्याने बँकवाल्याला सांगायचं, आमचं पाणी तोडलंय म्हणून? तेवढी अक्कल आहे आम्हाला."

त्या दिवसापासून त्यांचं पाणी मागणं बंद झालं. मुद्दाम ठरवून नाही. दुसऱ्या एका दुकानात पाहणीला गेले, बसले, आणि पाणी मागवेना. दुकानदार समोर वाट बघत उभा. शेवटी ते "येतो" म्हणून उठले. पुढे पुढे तर घराबाहेर पाणी प्यायलाच नको वाटू लागलं. त्याच सुमारास नव्या अधिकाऱ्यांना चार गोष्टी सांगायला त्यांना बोलावणं आलं. त्यांची पाण्याची रीत वरपर्यंत पोचली होती. समोर तीस-चाळीस तरुण पोरं-पोरी वही उघडून बसलेली. टेबलावर त्यांच्यासाठीच झाकलेला पेला ठेवलेला. ते उभे राहिले, पेल्याकडे बघितलं, "कागद नीट बघा," एवढंच म्हणाले आणि खाली बसले. किती हा विनय, असं म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग भंगारवाल्याची बोली आली. पाचही मशीनं लोखंडाच्या भावाने. मॅनेजर खूश होता. निदान फाईल तरी बंद होईल. महिनाअखेरीला उचलून न्यायचं ठरलं. आणि त्याच आठवड्यात फोरमनने त्यांना रस्त्यातच गाठलं.

"साहेब, औषधाच्या कंपनीने ताईंना खोक्यांचं विचारलंय. मशीनं भंगारात गेली तर संपलंच. बँकेने ती ताईंनाच परत हप्त्याने द्यावीत, असं काही बसेल का?"

"त्यांनी अर्ज करायला हवा."

"त्या बँकेची पायरी चढणार नाहीत. तुम्हीच जा."

जायचं की नाही यात त्यांचे दोन दिवस गेले. मंदी पुरती हटली नव्हती. पाण्याची रीत गेल्यावर आता आपल्याला काय कळतं, कशावरून हो म्हणायचं, हे त्यांना सुचेना. गेलो नाही तर मात्र त्या महिनाअखेरीला कारखाना कायमचा जाणार होता, आणि तोही आपल्याच सहीने.

ताई एका चप्पल शिवणाऱ्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहत. जिन्याला कठडा नव्हता. त्या जमिनीवर बसून हाताने कागदी पाकिटं चिकटवत होत्या. शेजारी तयार पाकिटांचा ढीग. त्यांनी वर न बघता म्हटलं, "बसा." ते बसले.

"पाणी देऊ?"

"नको."

"नको कसं? तुमचं सगळं पाण्यावरच ठरतं म्हणे."

हे ताईंना ठाऊक झालं होतं तर. ते म्हणाले, "तुमचं पाणी तोडलं होतं, हे मला माहीत नव्हतं."

"माहीत असतं तर दिलं असतं कर्ज?"

हो म्हणणं सोपं होतं, तोंडाशी आलंही होतं. पण त्यांनी खरोखर विचार केला. पाण्याचं बिल थकलेला कारखाना. दोन फायली, एक जागा. आपण काय लिहिलं असतं?

"नसतं दिलं," ते म्हणाले.

ताईंचा हात थांबला. त्यांनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट बघितलं. "हे बरं बोललात," म्हणाल्या. "मला वाटलं, माफी मागायला आलात. म्हटलं आता हे रडणार आणि मला समजूत काढावी लागणार."

"मला काही विचारायचं होतं."

"विचारा की. त्या वेळीही विचारायचं होतंत."

मग त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत त्यांनी कोणाला इतकं उघड विचारलं नव्हतं, कारण पाणी होतं. औषधवाल्यांची ऑर्डर लेखी आहे का? नाही, तोंडी आहे. फिरली तर? फिरू शकते. पुठ्ठेवाला उधार देईल का? एकदा देईल, दुसऱ्यांदा ओळख दाखवणार नाही. आणखी कोणाचं देणं आहे? भावाचं, आणि कामगारांचा दोन महिन्यांचा पगार. कामगार परत येतील?

"फोरमन येईल. बाकीच्या बायकांचं मला विचारू नका. रस्त्यात दिसल्या तर मीच तोंड चुकवते."

"तुम्हाला जमेल असं वाटतं?"

ताईंनी पाकिटाच्या कडेवरून अंगठा फिरवला. "काय माहीत. मला दुसरं काही येत नाही, एवढं खरं."

ते उठले तेव्हा त्यांना हायसं वाटण्याऐवजी उलट भीती वाटत होती. विचारून जे कळलं ते पाण्याहून वाईट होतं. कोणताही शहाणा अधिकारी ही फाईल दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवेल. शाखेत येऊन त्यांनी सगळं होतं तसं लिहिलं, एकही गोष्ट झाकली नाही. शेवटी लिहिलं की कर्ज द्यावं अशी शिफारस आहे.

मॅनेजरने वाचलं, परत वाचलं. "काका, हा प्रस्ताव आहे की नकार? घोड्याला चारी पाय नाहीत असं लिहिताय आणि शेवटी म्हणताय, पळवा."

"व्याज एकदाही चुकवलं नव्हतं त्यांनी. आपण हात काढेपर्यंत."

"ते आहे. तुमची ती पाण्याची गोष्ट लिहा ना. वरच्यांना आवडते."

"नको."

"आणि हे काय?" मॅनेजरने एका ओळीवर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं, मागील वेळी नकार देताना माझ्याकडून पाहणी अपुरी झाली. "हे काढा. बँकेची पाहणी अपुरी होत नसते."

"ते राहू दे. खरं आहे ते."

"खरं असेल हो. पण वर गेलं की चौकशी लागेल, आणि चौकशीत अडकलेल्या फायलीला कोणी कर्ज देत नाही. ओळ ठेवली तर कर्ज नक्की गेलं. काढली तर कदाचित मिळेल. सांगा, काय करू?"

साहेबांनी खिडकीकडे बघितलं. गेले कित्येक महिने हे एक वाक्य कुठेतरी लिहायचं म्हणून ते जगत होते म्हटलं तरी चालेल. बाहेर पासबुकवाल्यांची रांग आता लहान झाली होती.

"काढा," ते म्हणाले.

मॅनेजरने पेनाने ती ओळ खोडली, नंतर पान नव्याने टाइप करून घेतलं. जुनं पान त्याने फाडून टाकलं.

उत्तर आलं ते अर्धमुर्धं. एकाच मशीनपुरतं कर्ज. बाकीची चार ठरल्याप्रमाणे भंगारवाल्याला. फोरमनने विचारलं, एका मशीनवर कारखाना कसा चालायचा? ताईंनी निरोप पाठवला: शिलाईचं ठेवा. कापाकापी आम्ही हाताने करू.

भंगारवाल्याची माणसं आली त्या दिवशी साहेबांना हजर राहावं लागलं. ताई आल्या नाहीत. चारही मशीनं जमिनीत बोल्टने रोवलेली होती आणि बोल्ट गंजले होते. गॅसने कापावे लागले. एकेक मशीन साखळीला लटकून बाहेर गेलं. साहेब यादीवर खुणा करत होते. आजवर प्रत्येक वेळी खूण म्हणजे मशीन आहे असा अर्थ होता. आज गेलं म्हणून खूण. ट्रक निघून गेल्यावर मागे खट्ट झालं. या वेळी ते वळले नाहीत.

कारखाना सुरू झाला. कर्ज दिल्यावर पहिली पाहणी असते, तशी ते करायला गेले. दार उघडं होतं, दारात पाण्याचे डबे होते. नळाचं पाणी अजून आलेलं नव्हतं. आत ताई, फोरमन आणि दोन बायका. पूर्वी चौदा जणी होत्या. दहा-बारा अ‍ॅप्रन खुंट्यांवर तसेच होते, ते कोणी काढले नव्हते. शिलाईचं मशीन चालू होतं. ताई पलीकडच्या भिंतीशी टेबलावर मोठ्या सुरीने पुठ्ठा कापत होत्या, सावकाश, पट्टी धरून. मोठ्या जागेत त्या एका मशीनचा आवाज फार लांब जात होता आणि भिंतीला आपटून परत येत होता, त्यामुळे डोळे मिटले तर दोन-तीन मशीनं चालल्यासारखी वाटत.

कापलेला पुठ्ठा छातीशी धरून एक बाई ताईंच्या टेबलाकडून फोरमनकडे निघाली. मधली जागा रिकामी होती. सरळ आली असती तर दहा पावलांत पोचली असती. पण ती भिंतीच्या कडेने गेली, तिथून वळली, पुन्हा वळली, मग मशीनपाशी आली. दुसरीही तशीच गेली. साहेब बराच वेळ बघत होते.

"या सरळ का जात नाहीत?" त्यांनी फोरमनला विचारलं.

"बोल्ट आहेत ना साहेब. पाय अडकतो."

त्यांनी वाकून बघितलं. जमिनीवर चार चौकोन उठून दिसत होते, भोवतालच्या काळपट फरशीपेक्षा उजळ, जिथे मशीनं इतकी वर्षं उभी होती. बोल्ट जमिनीलगत घासून काढलेले होते. हात फिरवला तरी लागत नव्हते. फोरमन तारेचं रीळ आणायला उठला आणि बोलत बोलत त्या चौकोनांना वळसा घालून गेला.

ताईंनी पलीकडून विचारलं, "साहेब, सही कुठे करायची म्हणालात?"

"आलो," ते म्हणाले. पाहणीचा कागद हातात घेऊन ते निघाले. पहिल्या चौकोनापाशी त्यांचा पाय थबकला. क्षणभर तिथेच उभे राहिले, आणि मग तेही भिंतीच्या कडेने गेले.